आपली वंशावळ आपणच लिहावी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला 'वंशावळ' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. मी इतिहासाची प्राध्यापिका नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलेली एक लिपिक आहे. परंतु गेली दोन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या विहाराच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा जण जुनी कागदपत्रे घेऊन बसतो. एक निवृत्त पटवारी काका आम्हाला शिकवतात, आणि आम्ही एकमेकांच्या घरचे कागद वाचतो. या बैठकीत जे शिकले तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या वस्तीत वंशावळ हा शब्द ऐकू येतो तो मुलगा किंवा मुलगी बारावीला गेल्यावर. जात पडताळणीचा महाराष्ट्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. तेव्हापासून प्रवेश असो, नोकरी असो की ग्रामपंचायतीची राखीव जागा असो, वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची मानली जाते. त्याआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा असला तर काम सोपे होते. मग धावपळ सुरू होते. वडील तहसीलमध्ये, काका जुन्या शाळेत, आणि पोरगी प्रतिज्ञापत्राच्या कागदावर आजोबा-पणजोबांची नावे लिहीत बसते. ती नावेही कुणाला तरी फोन करून विचारलेली असतात. प्रमाणपत्र मिळाले की तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जातो, आणि धाकट्या भावाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळे.

इतर समाजांत असे नाही. कोकणस्थांच्या अनेक घराण्यांनी आपले जाडजूड कुलवृत्तांत छापून घेतलेले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नावांच्या वह्या आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांना देवळाच्या पायरीवरसुद्धा उभे करीत नसत, तर त्यांची नावे त्या वहीत कोठून येणार? म्हणून आपल्यापैकी पुष्कळांचा समज असा की आपला इतिहास १४ ऑक्टोबर १९५६ पासून सुरू होतो, त्यामागे अंधार आहे. धम्माच्या दृष्टीने तो नवा जन्म खराच. परंतु दीक्षाभूमीवर जे लोक बैलगाडीने आणि रेल्वेने पोचले त्यांना आई-वडील होते, गाव होते, कामधंदा होता, आणि त्याच्या नोंदी आहेत. त्या आपल्यासाठी केलेल्या नसल्या तरी आहेत.

येथे अमेरिकेतील एक उदाहरण देते, कारण ते बँकेचे आहे आणि मला फार आवडते. तेथील काळ्या लोकांना पूर्वज शोधताना १८७० या सालाशी येऊन थांबावे लागते. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या वेगळ्या होत्या. त्यांत मालकाचे नाव आणि गुलामाचे वय, लिंग, रंग लिहीत, पण गुलामाचे नाव बहुधा नसे. १८६५ साली मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. ती १८७४ साली बुडाली आणि हजारो गरीब खातेदारांची बचत गेली. परंतु खाते उघडताना त्या बँकेच्या कारकुनांनी खातेदाराचे आई-वडील कोण, भाऊ-बहिणी कोठे आहेत, जन्म कोठला, पूर्वीचा मालक कोण असे प्रश्न विचारून उत्तरे रजिस्टरात लिहून ठेवली होती. त्या रजिस्टरांतील सुमारे ४ लाख ८० हजार नावांची सूची २००१ साली तयार होऊन लोकांपुढे आली, आणि असंख्य कुटुंबांना आपले पणजोबा सापडले. पैसे बुडाले, कारकुनाचे अक्षर तेवढे उरले. आम्हा लिपिकांना कोणी फारसे मोजत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या तुमसरकडे येऊ. आपले सर्वांत मोठे साधन म्हणजे कोतवाल पंजी, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. इंग्रजी अमलात गावातील जन्म आणि मृत्यू कळवण्याचे काम कोतवालाकडे असे. ठरलेल्या दिवशी वही घेऊन तो पोलीस ठाण्यात जाई. आणि आपल्या या भागात पुष्कळ गावांची कोतवालकी महारांकडेच होती. म्हणजे ज्या वहीत आपण आज आपले पूर्वज शोधतो ती वही आपल्याच एखाद्या पूर्वजाने उन्हातान्हात, पायी, ठाण्यापर्यंत वाहून नेलेली आहे. त्याला ती वाचता येत नव्हती. लिहिणारा दुसराच असे.

ही पंजी वाचणे हे शिकण्याचे काम आहे. मुलाचे नाव तीत बहुधा नसते, कारण जन्माची खबर गेली तेव्हा बारसे झालेले नसे. 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचे नाव, जात, गाव आणि तारीख एवढेच असते. आडनाव असेलच असे नाही. मजकूर कोठे मराठीत तर कोठे हिंदीत, कारण आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो. म्हणून 'महार' शोधताना 'मेहरा'ही पाहावे लागते. दोन्ही नावे अनुसूचित जातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आणखी एक अडचण तहसिलीची. इंग्रजी काळात भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीनच होत्या आणि तुमसर भंडारा तहसिलीत मोडत असे. त्यामुळे जुना कागद तुमसरला नाही मिळाला म्हणून परत फिरू नये, भंडाऱ्यालाही विचारावे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, तिकडच्या नातेवाइकांचे कागद त्याप्रमाणे पाहावेत. आणि बावनथडीच्या पलीकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की धम्मदीक्षेनंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपण मुंबई राज्यात आलो आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्या एका हंगामात आपल्या आजोबांचा धर्म बदलला आणि राज्यही बदलले.

धर्म बदलल्याचा परिणाम कागदावर लगेच दिसतो. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ साली ते सुमारे २८ लाख झाले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात थोरल्या भावापुढे 'महार', मधल्यापुढे 'बौद्ध' आणि धाकट्यापुढे 'नवबौद्ध' असे एकाच घरात सापडते. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर मिळाल्या, तोवर कुणी काय लिहावे याचा घोळ चालूच होता. आमच्या बैठकीत काही तरुण मुलांना जुना शब्द वाचताना राग येतो, कागद बाजूला सारावासा वाटतो. राग रास्त आहे. पण तो शब्द आपण लिहिलेला नाही, तो आपल्यावर लिहिलेला होता, आणि तो जसाच्या तसा उतरवून घेतला पाहिजे. खोडून किंवा सुधारून घेतलेली नक्कल उद्या समितीपुढेही उभी राहत नाही.

रजिस्टरातील जन्मतारखांवर मात्र फार विश्वास ठेवू नका. गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जुलै पाहिली तर आपल्या अर्ध्या वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी साजरा करावा लागेल.

ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना बंदोबस्ताचे कागद आणि मालगुजारी १९५१ साली संपल्यानंतरचे अधिकार अभिलेख उपयोगी पडतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे जमीन नव्हती, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींत मात्र आपली माणसे पुष्कळ होती. खाण कायद्याप्रमाणे कामगारांचे 'फॉर्म बी' रजिस्टर ठेवावे लागत असे. त्यात नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, कायमचे गाव आणि अंगठा असतो. घरी जुनी कार्डे, भविष्य निर्वाह निधीचे कागद, बिडी कामगाराचे ओळखपत्र असे काही असेल तर ते रद्दीत देऊ नका.

आडनावावरून निष्कर्ष काढण्याची सवयही सोडावी लागते. रामटेके म्हणजे कधीकाळी रामटेककडचे, एवढे म्हणता येईल. मेश्राम तर आपल्यातही आहेत आणि गोंड समाजातही आहेत. आडनाव सारखे म्हणून रक्ताचे नाते जोडता येत नाही. गाव, बापाचे नाव आणि साल या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय काका नोंद पक्की धरू देत नाहीत. तोवर ती पेन्सिलने लिहायची, असा आमच्या बैठकीचा नियम आहे.

आता एका घराची हकिकत सांगते. त्यांच्या संमतीने सांगते, नाव घेत नाही. या घरच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि वैधतेसाठी थोडेच दिवस उरले होते. आजोबा शाळेत गेलेले नव्हते, जमीन नव्हती, १९५६ पूर्वीचा एकही कागद घरात नव्हता. आजोबांच्या जन्माचे सालही कुणाला नक्की ठाऊक नव्हते. काकांनी सांगितले की एकाच माणसाला शोधू नका, पणजोबांच्या नावापुढे लागलेले प्रत्येक मूल शोधा. तीन दिवस पंजी चाळल्यावर १९४३ सालची एक नोंद मिळाली. मुलगा, बाप अमुक, जात मेहरा, गाव तेच. आजोबा तर तेव्हा चालते-बोलते होते, मग हा मुलगा कोण? पुढची पाने पाहिली तर आठ महिन्यांनी त्याच बापाच्या मुलाचा मृत्यू नोंदलेला. घरात कुणालाच हे माहीत नव्हते. पंच्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "होता ना बापू एक. लय गोरा होता. मायनं त्याचं नाव घेनंच सोडून देल्लं होतं."

समितीने ती नोंद इतर कागदांसोबत ग्राह्य धरली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिने जगलेल्या, नावही कागदावर न आलेल्या त्या चुलत आजोबाने तिची जागा राखली.

त्याच आत्याबाईंना मी विचारले की तुमच्या आईचे नाव काय होते. त्या म्हणाल्या, "मायचं नाव? तिले सारे बुढीच म्हणत." भगिनींनो, हे एका घरापुरते नाही. पडताळणीची वंशावळ बापाकडून आजोबांकडे आणि तेथून पणजोबांकडे जाते. लग्न होऊन आलेल्या सुनेलाही पुरावा माहेरच्या पुरुषांचा द्यावा लागतो. पंजीत बापाचे नाव असते, आईचे बहुधा नसते. बँकेत मृत खातेदाराचा दावा घेऊन वारस येतात तेव्हा मी पाहते, आजोबांचे नाव तोंडपाठ असते, आजीचे विचारले की एकमेकांकडे बघतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांनी विचारले नसते तर त्यातले पुष्कळ काही त्या बायांबरोबरच गेले असते. कागद पन्नास वर्षांनी मिळू शकतो, म्हातारी मिळत नाही.

म्हणून आमच्या बैठकीत तक्ता काढताना प्रत्येक पुरुषाशेजारी बाईचे नाव, तिचे माहेर आणि माहेरच्या माणसांची नावे लिहितो. जागा कोरी राहिली तर कोरीच दिसू देतो. माझ्या स्वतःच्या तक्त्यात पणजीची जागा वर्षभर कोरी होती. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली, खाणीतल्या मजुरीचे एक मळके कार्ड सापडले. त्यावर पणजीचे नाव, पुढे नवऱ्याचे नाव आणि खाली निळा अंगठा होता. दगड फोडणाऱ्या बाईचा अंगठा, रेषा झिजलेल्या. ते कार्ड वैधतेच्या कामाचे नाही, पण आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याही कागदावर तिचे नाव नाही.

म्हाताऱ्यांना विचारण्याचीही एक रीत आहे. 'साल कोणते?' म्हटले तर उत्तर मिळत नाही. 'बाबासाहेब भंडाऱ्याच्या निवडणुकीला उभे होते तेव्हा तुमचे लग्न झाले होते का?' असे विचारले की लगेच सांगतात, आणि आपल्याला १९५४ साल मिळते. सांगताना मधेच सुधारू नये. दुसरे लग्न, दत्तक, घर सोडून गेलेले माणूस, असे विषय निघतात. ते लिहिलेले पान त्या घराकडेच राहावे, संस्थेच्या कपाटात त्याची प्रत ठेवू नये, असे माझे मत आहे. यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते मी लपवीत नाही.

संस्थेला माझी विनंती एवढीच की एक लोखंडी कपाट आणि एक स्कॅनर घ्यावा. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे, प्रत कपाटात, गावाप्रमाणे लावलेली. एका घराला मिळालेली पंजीतील नोंद त्याच गावच्या चार घरांना उपयोगी पडते, हे आम्ही दोनदा पाहिले आहे. पटवारी काकांचे वय आता पंचाहत्तर आहे आणि जुन्या नोंदींतले मोडी अक्षर आमच्यापैकी फक्त दोघांनाच अडखळत वाचता येते. कॉलेजच्या मुला-मुलींनी यावे, अक्षर शिकून घ्यावे.

पुढची बैठक येत्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. येताना घरातली पत्र्याची पेटी उघडून जे सापडेल ते घेऊन या. आणि घरात आजी असेल तर तिलाही रिक्षाने आणा, रिक्षाचे पैसे आम्ही देऊ.

जय भीम.