मत कुठे पडले, आणि का पडले

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मागच्या सभेनंतर चहाच्या वेळी एक प्रश्न निघाला आणि त्यावर आवाज बरेच चढले. प्रश्न साधा होता. ज्या पक्षाला आपण वर्षानुवर्षे मत देतो, त्याचा खासदार सभागृहात त्या पक्षाच्या तत्त्वांप्रमाणे मत देतो की नाही, हे आपल्यापैकी कोणी कधी तपासले आहे काय? एकजण म्हणाले, तपासायचे काय, पक्ष सांगेल तिकडे हात वर होतो. दुसरे म्हणाले, मग खासदार हवाच कशाला, हातच पाठवू या दिल्लीला! कार्यकारिणीने विषय आमच्या गळ्यात टाकला, म्हणून आज उभे आहोत.

आधी घरचीच गोष्ट. 2024 साली सुरत लोकसभा मतदारसंघात मतदान झालेच नाही. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. आपल्यापैकी जे उधना, लिंबायतकडे राहतात त्यांचे मत नवसारी मतदारसंघात, त्यांनी 7 मेला बोटाला शाई लावून घेतली. जुन्या शहरातली मंडळी घरीच बसली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणसुद्धा त्यांच्या वाट्याला आले नाही. आमच्या घरात तीन पिढ्या सुरतेत मतदान करत आल्या आहेत, तेव्हा ही चुटपुट लहान नव्हे. पण निवडताना आपला हात लागला नाही, म्हणून पुढची पाच वर्षे हिशेब विचारायचाही नाही, असे थोडेच आहे?

तर हिशेब कसा विचारायचा? लोकसभेच्या छापील वृत्तांतात मतविभागणी झाली की बाजूचे आणि विरोधातले सदस्य नावानिशी असतात. ती यादी घ्यावी, पक्षाचा जाहीरनामा घ्यावा, शेजारी ठेवावे आणि गुण द्यावेत, असे वाटते. आम्हालाही वाटत होते. मग एक उदाहरण आठवले आणि आमचा हात थांबला.

ते उदाहरण शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे. 2004 ते 2010 ते राज्यसभेत होते. शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यावर गेले, पण पक्ष त्यांचा स्वतःचा, 1994 साली काढलेला स्वतंत्र भारत पक्ष. 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मताला आले. बाजूने 186, विरोधात 1. ज्यांनी आदल्या दिवशी आरडाओरड केली होती त्यांतले सात निलंबित झाले, काही पक्ष मतदानापासून दूर राहिले. नोंदीत विरोधाचे मत उरले ते एकट्या जोशींचे.

आता गुण द्या पाहू. ज्यांच्या पाठिंब्याने ते निवडून गेले त्यांतला भाजप विधेयकाच्या बाजूने होता. त्या मापाने शून्य. त्यांच्या स्वतःच्या चळवळीचे माप लावा. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन याच माणसाने भरवले. लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून जमिनी बायकांच्या नावावर करायला पुरुषांना उठवले, ते यांनीच. आपल्या खानदेशातले, जळगाव जिल्ह्यातले विटनेर घ्या. तिथे संघटनेच्या प्रेरणेने सगळ्याच्या सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली, आणि तीही कोणत्याही आरक्षणाशिवाय. असा माणूस महिलांच्या विधेयकाविरुद्ध एकटा उभा राहतो! नुसती यादी पाहणारा म्हणेल, बोलले एक आणि केले एक.

पण त्यांचे म्हणणे ऐकले तर चित्र पालटते. बायका सभागृहात येण्याला त्यांचा विरोध नव्हता, फिरत्या आरक्षणाला होता. दर निवडणुकीला राखीव जागा बदलणार, म्हणजे निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तोच मतदारसंघ मिळेल याची खात्री नाही आणि शेजारच्या पुरुषालाही नाही. मग मतदारसंघाची मशागत करणार कोण? स्वातंत्र्यावर उभ्या असलेल्या पक्षाच्या तत्त्वाशी हे मत विसंगत नव्हते. पक्षनोंदणीच्या वेळी समाजवादावर निष्ठा सांगण्याची कायदेशीर सक्ती काढून टाका, असे खासगी विधेयक आणणाराही हाच सदस्य होता.

आम्हाला त्यांचे ते मत तेव्हा पटले नव्हते, आजही पुरते पटत नाही. पद्धत निर्दोष होईपर्यंत थांबायचे म्हटले तर काळ कोणासाठी थांबत नाही. ते विधेयक लोकसभेत मंजूर झालेच नाही आणि 2014 मध्ये बारगळले. सप्टेंबर 2023 मध्ये नवे आले, लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झाले. त्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतात. जोशींच्या हरकतीत काही अर्थ होता, एवढे तरी मानावे लागेल.

मात्र जोशींना एक सोय होती, ती आपल्या खासदाराला नाही. राज्यसभेत ते आपल्या पक्षाचे एकटेच होते, त्यांना पक्षादेश काढणार कोण? बाकीच्यांच्या डोक्यावर 1985 पासून दहावी अनुसूची आहे. पक्षादेश मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्वच जाते. सरकार पाडापाडीला आळा घालायला आणलेला हा कायदा साध्यासुध्या विधेयकांनाही लागतो. तेव्हा यादीत नाव सदस्याचे असले तरी मत पक्षाचे असते. त्या यादीवरून पक्षाची परीक्षा होईल, माणसाची होणार नाही.

पक्षाची तरी करावी ना! शिवसेनेचे पाहा. 9 डिसेंबर 2019 रोजी लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या बाजूने मत, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग. खासदारांना दोष द्यावा तर ते दोन्ही वेळा आदेशच पाळत होते. बाहेर जाणे हेही मतच असते, पण यादीत ते दिसत नाही. आणि कधी कधी यादीच नसते. 20 सप्टेंबर 2020 रोजी शेतीविषयक विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली, विरोधकांची मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. कोण कुठल्या बाजूला होते, हे नावानिशी सांगणारा कागदच नाही.

आपल्या गुजरातची तऱ्हा आणखी न्यारी. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नागरिकाने मत दिलेच पाहिजे, असे विधेयक विधानसभेने 2009 साली संमत केले. बायकांना निम्म्या जागाही त्याच विधेयकात होत्या. 2014 मध्ये राज्यपालांची सही झाली, 2015 मध्ये सक्तीच्या मतदानाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आपण मत दिले की नाही याची नोंद सरकार ठेवू पाहत होते. धारासभ्याने मत कुठे दिले हे आपण विचारले, तर तो बहुधा आवाजी मतदानाकडे बोट दाखवणार.

मग माणसाची परीक्षा कुठे करावी? जिथे पक्षादेशाचा दोर सैल असतो तिथे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिले तरी त्यावरून पक्षांतराची अपात्रता येत नाही, फक्त मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. 2017 च्या ऑगस्टमध्ये गांधीनगरला काँग्रेसच्या दोन आमदारांनी ती भाजपच्याही माणसाला दाखवली, ती मते बाद झाली, आणि अहमद पटेल 44 मतांवर निवडून आले. ही दोन मते त्या दोन माणसांची स्वतःची होती. त्यांना हिशेब विचारता येतो. तसेच प्रश्नोत्तरे, खासगी विधेयके, समितीतली कामे, भाषणे. पक्षाच्या धोरणावर मत देताना सदस्याने भाषणात काय शंका काढली, हे पाहावे. मंत्र्याला मात्र हे माप लागू नाही, तो प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो.

येथे एक अवघड गोष्ट बोलतो, राग मानू नये. नवसारीचे सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले, 2009 पासून खासदार, 2024 मध्ये केंद्रात मंत्री झाले. आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाच. पण मराठी असणे हे त्यांच्या पक्षाचे तत्त्व नव्हे. सभेत त्यांचे नाव निघाले की आपण काम विचारायचे सोडून गाव विचारतो. आम्हीही त्यातलेच.

कार्यकारिणीने एक वही घातली आहे. डाव्या पानावर पक्षाने जाहीरनाम्यात काय लिहिले ते, त्याच्याच शब्दांत. उजव्या पानावर मत, भाषण किंवा गैरहजेरी, तारखेसह, आणि पक्षादेश होता की नाही. सुरत आणि नवसारीचे खासदार आणि आपल्या भागांतले आमदार, एवढ्यांपासून सुरुवात आहे. गांधीनगरची कामकाजपत्रे गुजरातीत असतात, ती वाचून टिपणे काढायला दोन-तीन माणसे हवीत. मराठी लिहायचा कंटाळा असेल तर गुजरातीत लिहा, आम्ही उतरवून घेऊ. वही वाचनालयात टेबलावर आहे. पहिले पान अजून कोरे आहे.