सरदार सोभासिंग : शिपाई आणि चित्रकार

परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवांत चित्रांचीं प्रदर्शनें भरत नाहींत. तरी तेथील घरांच्या भिंती चित्रांवांचून राहिल्या आहेत असें नाहीं. दुकानदारानें दिलेल्या कॅलेंडराचें वर्ष सरतें, तारखांचा कागद जातो, आणि चित्र तेवढें चौकटींत बसतें. शेजारच्या नांदेडास १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवला. तेथून परतणारा यात्रेकरूहि गुरूंची एखादी तसबीर बरोबर आणतो. अशा तसबिरींवरील चित्रकाराचें नांव सहसा कोणी वाचीत नाहीं. त्या नांवांपैकीं एक सरदार सोभासिंग यांचें आहे, आणि त्यामागील आयुष्य जाणून घेण्याजोगें आहे.

सोभासिंगांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०१ रोजीं पंजाबांतील गुरुदासपूर जिल्ह्यांत, श्रीहरगोविंदपूर येथें झाला. वडील देवासिंग हे घोडदळांत होते. पंधराव्या वर्षीं मुलानें अमृतसरच्या औद्योगिक शाळेंत कला व हस्तव्यवसाय यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला. १९१९ सालीं तो हिंदी सैन्यांत ड्राफ्ट्समन म्हणून दाखल झाला आणि मेसापोटेमियांत, बगदादला गेला. पहिलें महायुद्ध थांबलें होतें, पण तो देश शांत झाला नव्हता. १९२० सालीं तेथें ब्रिटिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला. सोभासिंगांचें काम मात्र बंदुकीचें नव्हे, रेघेचें होतें. आराखड्यांतील रेघ चुकली, तर ती सुंदर आहे म्हणून कोणी क्षमा करीत नाहीं. अचूकपणाचा हा धडा चित्रकाराला आयुष्यभर पुरतो.

१९२३ सालीं बांधलेली नोकरी सोडून ते अमृतसरला परतले आणि त्यांनीं स्वतःचा स्टुडिओ उघडला. पुढें लाहोर, १९३१ पासून दिल्ली, आणि १९४६ सालीं पुन्हां लाहोर, असा त्यांच्या व्यवसायाचा प्रवास झाला. धंदेवाईक चित्रकाराचें जिणें बाहेरून वाटतें तितकें सोपें नसतें. विषय गिऱ्हाइकाचा, मुदत गिऱ्हाइकाची. छापखान्यांत रंग बिघडला तरी बोल चित्रकारालाच. लाहोरच्या अनारकली बाजारांत त्यांचा स्टुडिओ नुकता थाटला होता आणि एका चित्रपटाचें कलादिग्दर्शन हातीं होतें, तोंच १९४७ ची फाळणी आली. पंचेचाळीस वर्षांच्या या गृहस्थाला उभारलेलें सारें मागें टाकून लाहोर सोडावें लागलें.

त्यांनीं पुन्हां शहरांत दुकान मांडलें नाहीं. कांगडा खोऱ्यांत, धौलाधारच्या पायथ्याशीं, अंद्रेटा नांवाच्या खेड्यांत ते स्थायिक झाले. नोरा रिचर्ड्स या आयरिश नाट्यकर्मी बाई तेथें आधींपासून राहत होत्या. पंजाबी लोककथेंतील सोहनी व महिवाल यांचें सोभासिंगांनीं काढलेलें चित्र घरोघर पोंचलें. प्रियकराच्या भेटीसाठीं घड्याच्या आधारें चिनाब ओलांडणारी सोहनी कच्च्या घड्यानें बुडाली, ही कथा पंजाबांत लहानथोरांस ठाऊक आहे. चित्रकारानें त्या मृत्यूचा आक्रोश दाखविला नाहीं. पाण्यांत उभ्या असलेल्या दोन जीवांचें मीलन दाखविलें.

१९६९ सालीं गुरु नानकांच्या जन्मास पांचशें वर्षें झालीं. त्या सुमारास सोभासिंगांनीं काढलेली नानकांची प्रतिमा — अर्धोन्मीलित नेत्र, पांढरी दाढी, आशीर्वादासाठीं उचललेला उजवा हात — आज सर्वांच्या ओळखीची आहे. वस्तुतः नानकांचें समोर बसवून काढलेलें असें विश्वसनीय चित्र उपलब्ध नाहीं, आणि शीख पंथास मूर्तिपूजा मान्य नाहीं. म्हणजे तो चेहरा इतिहासानें दिलेला नव्हे. तो एका चित्रकाराच्या मननांतून आला. इतक्या लोकांच्या मनांत एखाद्या महात्म्याचें रूप आपल्या कुंचल्यानें ठरावें, ही जबाबदारी लहान नव्हे.

‘कॅलेंडर-कला’ हा शब्द जाणकार मंडळी नाक मुरडून उच्चारतात. त्या आक्षेपांत तथ्य आहे : अशा चित्रांतील गोडवा पुष्कळदां अति होतो आणि हलक्या छपाईनें रंग भडक होतात. परंतु महाराष्ट्रानें हा प्रश्न पूर्वींच पाहिला आहे. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, तेव्हां राजवाड्यांतील चित्र गरिबाच्या ओसरीवर आलें. त्या चित्रांच्या गुणदोषांची चर्चा अद्याप चालूं आहे. त्यांनीं सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिलेलें दान मात्र कोणाला नाकारतां येत नाहीं. सोभासिंगांचें मोलहि याच तराजूंत जोखावें लागेल.

१९७४ सालीं पंजाब सरकारनें त्यांना राज्य-कलावंत म्हणून गौरविलें. १९८३ सालीं पद्मश्री मिळाली. २२ ऑगस्ट १९८६ रोजीं चंदीगड येथें त्यांचें निधन झालें. अंद्रेट्यांतील त्यांच्या राहत्या जागीं चित्रसंग्रह आहे, आणि तेथें मूळ चित्रें पाहावयास मिळतात. पण या शिपाई-चित्रकाराचें खरें प्रदर्शन भिंतीभिंतींवर मांडलेलें आहे. तेथें तिकीट नाहीं, परीक्षक नाहींत. वर्ष संपल्यावरहि चित्र उतरविण्यास न धजणारा एक हात आहे, आणि धंदेवाईक चित्रकाराला याहून मोठी पावती मिळत नसते.