आरमार कशानं जळालं?

गेल्या आठवड्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. अध्यक्ष कोण व्हायचं, यावरून दोन वाड्यांत वाद पेटलेला. "ताई, आमचा गट वेगळा करून द्या," असं बोलणं निघालं. परतताना मला कान्होजी आंग्रे आठवले.

कान्होजी म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचं ठाणं. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. त्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, कोकणच्या समुद्रातून व्यापारी जहाज नेणं धोक्याचं होतं. १७१२ साली तर त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौकाच पकडली!

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. मग हे जिंकायचे कसे? यांची गलबतं लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारी. वारा पडला की मोठं जहाज जागीच अडकायचं. तेव्हा ही गलबतं आपल्या तोफांच्या गुराबांना दोरानं ओढत न्यायची, आणि मारा व्हायचा शत्रूच्या पाठीमागून, जिथं त्याच्या तोफा कमी. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

१७२९ साली कान्होजी वारले. त्यांच्यामागून सरखेल झालेले सेखोजी १७३३ साली गेले, आणि संभाजी व मानाजी या भावांत भांडण लागलं. पेशव्यांनी वाटणी करून दिली. मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे दक्षिणेचे किल्ले. संभाजींनंतर तिथं तुळाजी आले. त्यांचं पेशव्यांशी बिनसलं. १७५६ साली विजयदुर्गावर समुद्रातून इंग्रज आले आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. तुळाजींचं आरमार बंदरातच जळून गेलं.

कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना जे जमलं नाही, ते आपल्याच माणसांच्या मदतीनं जमलं.

येत्या बैठकीत मी त्या बायांना हेच सांगणार आहे. वेगळं व्हायचा हक्क तुमचाच. पण आधी हिशोबाची वही सगळ्यांसमोर वाचा, अध्यक्षपद फिरतं ठेवायचा ठराव करून बघा. रागाच्या भरात मात्र वाटणी नको.

तुमच्या गटातही असं काही धुमसत असेल, तर ते आजच बोलून टाका. येते मी. नमस्कार.