मध खरा की खोटा? ग्लासातलं पाणी सांगणार नाही

मी राजापूरहून बोलतोय. बीटेक केलं, पोट कोडिंगवर चालतं, पण आजचा विषय आहे बाटलीतला मध.

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: मधाचा थेंब पाण्यात टाका, तळाशी गेला तर अस्सल. अहो, साखरेचा घट्ट पाकही तळाशीच जातो! वात मधात बुडवून पेटवली, तर फार तर पाणी जास्त आहे का ते कळतं. मधात मुख्य साखरा दोन, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. भेसळीच्या सिरपमध्येही ग्लुकोज असतंच. मग ओळखायचं कसं?

लॅबमध्ये आधी साखरा वेगळ्या करतात. पद्धतीचं नाव थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. पट्टीवर सिलिकाचा पातळ थर, खालच्या बाजूला नमुन्याचा ठिपका, आणि पट्टी द्रावकात उभी. द्रावक वर चढतं, साखरांना सोबत नेतं. गणपतीला आलेला चाकरमानी आठवा. जवाहर चौकात ओळखीचे जितके जास्त भेटतील, तितका घरी उशीर! इथेही तसंच. मक्याच्या किंवा तांदळाच्या सिरपमधल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या सिलिकाला जास्त चिकटतात आणि खालीच रेंगाळतात.

पण साखर रंगहीन, त्यामुळे पट्टी अजून कोरीच दिसते. मग अ‍ॅनिलिन आणि डायफिनाइलअमाइनचं मिश्रण फवारून ती तापवतात, आणि रंगीत ठिपके उमटतात. कोडमध्ये प्रिंट टाकल्यावर लपलेली व्हॅल्यू दिसते ना, तसं.

भेसळवालेही हुशार. साखळ्या पुरत्या तोडल्या की ही टेस्ट फसते. ऊस आणि मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते, तांदळाची मात्र त्यातून निसटते. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. जर्मनीतल्या लॅबमधल्या एनएमआर चाचणीसकट सगळ्या चाचण्यांत फक्त 3 पास झाले.

यात मार खातो तो मधमाश्या पाळणारा. स्वस्त सिरप त्याचा भाव पाडतं. वर त्याच्या खऱ्या मधात ग्लुकोजचे खडे धरले, की आपणच म्हणतो, 'साखर घातलीय!' खरा मधही गोठतो, मंडळी. तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर फॉरवर्ड करू नका. हा एपिसोड पाठवा.