मेंदूतील महाकाय धमनीफुगा



मेंदूच्या धमनीची भिंत एखाद्या जागी दुबळी झाली, म्हणजे रक्ताच्या दाबाने तेथे फुगा धरतो. त्याचा व्यास 25 मिलिमीटर वा अधिक झाला, की वैद्यकशास्त्र त्यास महाकाय म्हणते. न फुटताही तो शेजारच्या मज्जातंतूंस दाबतो. पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. आत गुठळ्या साचल्या, तरी फुटण्याचे भय टळत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मागील बाजूच्या धमन्यांवरील असे फुगे पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण शेकडा 50 आढळले.

1937 साली डॉ. वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेस चिमटा लावून तो बंद केला. महाकाय फुग्याची मान बहुधा रुंद असते. म्हणून कधी रक्तास दुसरी वाट काढून द्यावी लागते, कधी धमनीत जाळीची नळी बसवून प्रवाह वळवितात. उपचारांतही धोका आहेच. यास्तव वडीलधाऱ्यांनी रुग्णास अंधारात ठेवून निर्णय करू नये. आणि पापणी अकस्मात उतरली, वा कधी न अनुभवलेली डोकेदुखी एकाएकी उठली, तर घरगुती लेपांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढीच आमची आपणांस कळकळीची विनंती.