थकवा म्हणजे ईमानाची कमतरता नव्हे

(परिचारिका, आशा कार्यकर्त्या, निवासी डॉक्टर आणि स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

तुमच्यापैकी काही जणी रात्रपाळी करून थेट इथं आल्या आहेत, म्हणून मी लांबण लावणार नाही.

मी बावीस वर्षं परिचारिका आहे. २०२१ चा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट. एका पहाटे वॉर्डातला एक रुग्ण गेला. त्याचा मुलगा बाहेर उभा होता. मी त्याला म्हटलं, "नऊ नंबर गेला, इथं सही करा." आणि पुढच्या बेडकडं वळले. मला रडू आलं नाही. वाईटही वाटलं नाही. घरी येऊन जानमाज अंथरली, तेव्हा मात्र हातपाय कापायला लागले. वाटलं, आपलं काळीज मेलं, आपलं ईमान कमजोर झालं. घरातल्या मोठ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सबर कर बेटा, सवाब मिळेल."

सबर तर मी करतच होते. मला काय होतंय, हे कळायला आणखी एक वर्ष गेलं.

याला बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी त्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून ते संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जात. सगळ्यात तळमळीनं काम करणारेच तिथं आधी विझताना त्यांनी पाहिले. स्वतः तेही त्यातून सुटले नाहीत. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक या संशोधिकेनं याच्या तीन खुणा सांगितल्या. मन पार रिकामं होणं. समोरचा माणूस माणूस न वाटणं. आणि आपल्या कामाचा काही उपयोगच नाही, असं वाटणं. माझा 'नऊ नंबर' यातल्या दुसऱ्या खुणेत बसतो.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की, ही कामाशी जोडलेली अवस्था आहे, कामावरचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आणल्यानं येणारी. म्हणजे इलाज नुसता बाईच्या मनात शोधून चालणार नाही, तिच्या ड्युटीच्या तक्त्यातही शोधावा लागेल.

तो तक्ता काय सांगतो? निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर असू नये, असे केंद्र सरकारचे निर्देश १९९२ पासून आहेत. समोर बसलेल्या डॉक्टरांना विचारा, सलग ३६ तास म्हणजे काय असतं ते.

आशांचं बघा. २००५ मध्ये योजना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. गरोदर बाईची नोंद तिनं करायची, बाळाच्या लसीची आठवण तिनं द्यायची, क्षयरुग्णाच्या गोळ्या तिनं बघायच्या, नवं सर्वेक्षण आलं की तेही तिचंच. पण कागदावर ती 'स्वयंसेविका', म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. २०२३ मध्ये राज्यातल्या आशा पुन्हा संपावर! सत्कार होतो, पगार होत नाही. 'सेवा' आणि 'खिदमत' हे शब्द मोठे आहेत, पण ते कुणाचा हक झाकायला वापरले की मला भीती वाटते.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. आपल्या मोहल्ल्यात शिकून नर्स किंवा डॉक्टर झालेली मुलगी अनेकदा खानदानातली पहिलीच असते. तिची ड्युटी हॉस्पिटलात संपत नाही. रात्री अकराला दार वाजतं, "आपा, जरा बीपी बघा." रमजानमध्ये रात्रपाळी करून आल्यावर सहरीही तिनंच करायची.

आणखी एक ओझं आहे, ते आपण बोलून दाखवत नाही. २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या निमित्तानं सगळ्या समाजाकडं संशयानं बघितलं गेलं. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, बळीचा बकरा शोधला गेल्याचंही म्हटलं. पण मधले महिने आपल्यातल्या अनेकांनी दुप्पट काम केलं. रजा मागितली नाही, 'नाही' म्हटलं नाही. आपल्याकडं कुणी बोट दाखवू नये म्हणून. ती सवय अजून गेलेली नाही. निष्ठा सिद्ध करायला कुणी आजारी पडायची गरज नाही. आपण नागरिक आहोत, एवढं पुरेसं आहे.

बुखारी शरीफमधला सलमान फारसी आणि अबू दरदा यांचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. अबू दरदा दिवसा रोजे ठेवत, रात्रभर नमाज पढत. घराकडं लक्ष नव्हतं. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी अबू दरदांना आग्रहानं जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. रबचा हक आहे तसा स्वतःचा आणि घरच्यांचाही हक आहे, हे त्यांनी समजावलं. पैगंबरांनी (स.) सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. इबादतीसाठीसुद्धा शरीराचा हक मारता येत नाही, मग ड्युटीसाठी कसा मारता येईल?

काय करायचं? ड्युटीचे खरे तास वहीत लिहा. संघटनेत बोलताना तीच वही उपयोगी पडते. पाळी संपल्यावर एका सहकाऱ्याशी दहा मिनिटं बोला, पेशंटबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. मोहल्ल्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवा, बाकी दिवशी तातडीचं असेल तरच दार उघडा. झोप उडाली, जगावंसं वाटेना, तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि संस्था, मशिदीच्या कमिट्या चालवणाऱ्यांना विनंती, स्वयंसेवकांच्या पाळ्या लावा. जो कधीच नाही म्हणत नाही, त्यालाच दर वेळी बोलवू नका.

त्या नऊ नंबरच्या रुग्णाचं नाव मी नंतर रजिस्टरमधून शोधून काढलं. दुआमध्ये ते नाव घेते. पण त्याच्या मुलाला मी जे बोलले, ते मला परत घेता येत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी आज बोलले.