वेलावरचा एक दोडका राखा

उरवड्यात भात निसवलंय, पाऊस उघडीप देतोय. गेल्या वर्षी या दिवसांत परसातला शेवटचा दोडकाही मी भाजीत घातला. जूनमध्ये विकतचं पाकीट आणलं, निम्मंच उगवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

यंदा गावठी वेलावरचा निरोगी दोडका चिंधी बांधून राखलाय. तो वेलावरच वाळू द्यायचा. हलवल्यावर खुळखुळला की काढायचा, बी राखेत घोळून डब्यात ठेवायचं. संकरित वेलाचं बी धरू नका, पुढं तसंच फळ येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बी जपल्याबद्दलच.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहा. आठ फुटल्या, तर बी चांगलं. आणि चिंधीचा अर्थ घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडचा पहिला दोडका मुलांच्या बाबांनी कौतुकानं तोडून आणला.